नडगीचं हाड आणि जानेवारीची तारीख: एका धावपटूच्या परतीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यात आमचा धावणाऱ्यांचा एक गट आहे. आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला आम्ही भेटतो. सरावाचं वेळापत्रक मी आखतो. हे प्रकरण त्या गटातल्या एका सदस्याचं आहे. त्यांना इथे फक्त ताई म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि छापण्याआधी हा मजकूर त्यांनी स्वतः वाचला आहे.

ताई ४१ वर्षांच्या. बँकेत नोकरी, घरी सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. धावायला लागून साडेतीन वर्षं झाली होती, तीन हाफ मॅरेथॉन पूर्ण होत्या. त्या वर्षी त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या: सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ आणि जानेवारीत मुंबईला आयुष्यातली पहिली फुल मॅरेथॉन. दोन्हींच्या एंट्री भरून झाल्या होत्या.

जूनमध्ये त्यांचं आठवड्याचं अंतर ३२ किलोमीटर होतं, जुलैअखेर ते ५४ वर गेलं. त्यातली बरीचशी वाढ माझ्या वेळापत्रकातली होती. शनिवारची टेकडी त्यांनी स्वतःहून जोडली होती. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा असतो, म्हणून ‘उताराची सवय हवी’ असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं.

आता त्यांचा दिवस बघा. साडेचारला उठायचं, कोरा चहा घ्यायचा, कणीक मळून ठेवायची आणि निघायचं. सव्वासातला घरी. मग डबे, सासूबाईंचा नाश्ता, मुलांची शाळा, पावणेदहाला बँक. पोटात पहिला घास बऱ्याचदा अकराला जायचा. गुरुवारचा उपास बारा महिने, श्रावणात त्यात सोमवार आणि शनिवारची भर. तीन महिन्यांत वजन पाच किलोंनी उतरलं. गटात सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. ‘ताई, आता पेस आपोआप सुधारेल,’ हे माझंच वाक्य आहे, आणि ते मला आजही बोचतं.

अडचण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी फक्त धाव संपल्यावर, मग धावताना. ताईंनी विचारलं तेव्हा मी ‘शिन स्प्लिंट’, म्हणजे नडगीचे स्नायू आणि हाडावरचं आवरण दुखणं, असं म्हणालो, बर्फ लावायला सांगितला आणि दोन दिवस विश्रांती. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. आम्ही दोघांनीही सुटकेचा श्वास टाकला.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. हाडावर ताण साठून होणारी इजा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. त्यामुळे स्वच्छ एक्स-रे म्हणजे हाड ठीक, असं धरता येत नाही. त्यापेक्षा बोट जास्त सांगतं. नडगीच्या कडेने वीतभर सगळीकडे दुखत असेल तर बहुधा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं. एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात दाबल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, किंवा एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाचा संशय घ्यायचा. ताईंची कळ एकाच जागी होती, घोट्याच्या वर साधारण चार बोटं. मी हात लावून पाहिलंच नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ताई साताऱ्याला धावल्या. चढ बरा गेला. कासच्या रस्त्यावरून वळून उतार लागला आणि तिसऱ्या किलोमीटरला पाय टेकवताना कळ वर गुडघ्यापर्यंत जायला लागली. तरी त्यांनी २ तास १९ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. मेडल गळ्यात होतं आणि गाडीपर्यंत यायला नवऱ्याचा खांदा लागला. पुढचा आठवडा गणपतीचा. गौरींच्या जेवणासाठी दिवसभर ओट्याशी उभ्या राहिल्या. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी क्रीडावैद्यक जाणणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाच्या खालच्या एक-तृतीयांश भागात, मागच्या-आतल्या कडेला तिसऱ्या श्रेणीची ताण-इजा दिसली. चौथ्या श्रेणीत प्रत्यक्ष तडा दिसतो, म्हणजे आम्ही तड्याच्या एक पायरी अलीकडे होतो.

ही जागा त्यातल्या त्यात बरी. नडगीच्या पुढच्या कडेची किंवा मांडीच्या हाडाच्या मानेची इजा याहून कितीतरी हट्टी असते आणि प्रसंगी शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

डॉक्टरांनी विचारलेले तीन प्रश्न

डॉक्टरांनी पायाआधी बाकीचं विचारलं. जेवण काय, कधी? वजन किती उतरलं? पाळी नियमित आहे का?

शेवटच्या प्रश्नावर ताई थांबल्या. चार महिने पाळी आली नव्हती. वय ४१, त्यामुळे ‘जायची वेळ आली असेल’ असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व ११ निघालं. २० च्या खाली गेलं की कमतरता मानतात. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९ होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं की रजोनिवृत्तीची चिन्हं नाहीत. जेवढं जळतंय तेवढं पोटात जात नाही, म्हणून शरीराने काटकसर सुरू केली आहे. आधी पाळी बंद, मग हाडांची डागडुजी बंद. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव दिलं: खेळाडूंमधली सापेक्ष ऊर्जाकमतरता. ती पुरुषांनाही होते. फक्त पुरुषांच्या शरीरात पाळीसारखी ठळक खूण नसते, म्हणून ती उशिरा लक्षात येते.

समोर असलेले पर्याय

एमआरआयच्या दिवसापासून मुंबईच्या रविवारपर्यंत १८ आठवडे होते. हा आकडा फार फसवा. थोडे असते तर प्रश्नच मिटला असता, आणि खूप असते तर घाई नसती.

पहिला पर्याय ताईंचा: सहा आठवडे पूर्ण विश्रांती आणि उरलेल्या बारांत फुल मॅरेथॉनची तयारी. कागदावर जमत होतं. दुसरा त्यांच्या यजमानांचा: या वर्षी धावणं बंद, पुढचं पुढे. गटातल्या एका जुन्या सदस्याने तिसरा सुचवला: मुंबई चालत-पळत का होईना, कट-ऑफच्या, म्हणजे ठरलेल्या कमाल वेळेच्या, आत पूर्ण करायची, एंट्री वाया जाऊ द्यायची नाही.

त्या दिवसांत गटाच्या व्हॉट्सअॅपवर अमेरिकन धावपटू जोन बेनॉइटची गोष्ट फिरली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड चाचणीच्या १७ दिवस आधी तिच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. तिने चाचणी जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला महिलांची पहिलीवहिली ऑलिम्पिक मॅरेथॉनही जिंकली. गोष्ट खरी आहे. पण तिच्या गुडघ्यातली अडचण काढून टाकली की संपणारी होती. हाडाची इजा कापून काढता येत नाही, ती भरून यावी लागते. म्हणून मी ताईंना ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफची गोष्ट सांगितली. २००८ च्या उन्हाळ्यात तिच्या मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने तडा, झालं. ऑगस्टमध्ये ती बीजिंग ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये धावली आणि २३ वी आली. नोव्हेंबरमध्ये तिनेच न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. बाई तीच, वर्ष तेच, मधे फक्त अडीच महिने.

हाड कसं भरतं हेही ताईंना समजावून घ्यायचं होतं. मी त्यांना पुण्यातल्या रस्त्याचं उदाहरण दिलं. दुरुस्तीसाठी रस्ता आधी खोदतात, मग भरतात. हाडातही खराब भाग खरवडून काढणाऱ्या पेशी आधी येतात, त्यांचं काम साधारण तीन आठवडे चालतं. भरणाऱ्या पेशी मागून येतात आणि त्यांना महिने लागतात. मधल्या काळात रस्ता खोदलेलाच असतो. दुखणं मात्र बऱ्याचदा याच काळात थांबतं, आणि माणूस बूट घालून बाहेर पडतो.

काय ठरलं

डॉक्टर, फिजिओ, ताई आणि मी एकत्र बसलो. मुंबईला धावायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं. ताई तिथे रडल्या. समजूत कोणी घातली नाही; फिजिओ मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि आम्ही थांबलो.

पण धावणं सोडायचं नाही हेही तितकंच पक्कं ठरलं. ध्येय हवंच होतं. त्याशिवाय ताई पाण्यातला मासा बाहेर काढल्यासारख्या झाल्या असत्या, आणि यजमानांच्या पर्यायाचा धोका मला तिथेच वाटत होता. बदललं ते ध्येयाचं रूप. तारखेऐवजी पायऱ्या लावल्या. एका पायरीची परीक्षा पास झाल्याशिवाय पुढची नाही, मग त्याला चार दिवस लागोत की चार आठवडे. ताईंनी त्या वहीच्या पानावर लिहून फ्रीजवर चिकटवल्या:

पहिली: सलग पाच दिवस चालताना आणि रात्री दुखणं नाही, बोटाने दाबल्यावर कळ नाही.
दुसरी: सपाटीवर ४५ मिनिटं भरभर चालणं, दुसऱ्या दिवशी सकाळीही काही नाही.
तिसरी: एका पायावर उभं राहून टाच उचलणं, प्रत्येक पायाने २५ वेळा, मग एका पायावर दहा उड्या.
चौथी: एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा, दिवसाआड.
पाचवी: सलग ३० मिनिटं सावकाश धावणं.
सहावी: आठवड्यात तीन धावा. आधी अंतर, मग वेग, मग चढ, आणि उतार सगळ्यात शेवटी.

दुखण्याबाबत एकच नियम होता, आणि तो कडक होता. स्नायूबंधाच्या दुखण्यात दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं तरी व्यायाम चालू ठेवता येतो. हाडाच्या बाबतीत मर्यादा शून्य. रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी ताई अंगठ्याने ती जागा दाबून बघायच्या आणि मला एक अक्षर पाठवायच्या: ‘ठ’ म्हणजे ठीक, ‘दु’ म्हणजे दुखतंय.

कृती

पहिले तीन आठवडे वॉकर बूट, म्हणजे नडगीला आधार देणारा उंच, कडक बूट. त्या काळात जमिनीवर झोपून पोटाचे, पाठीचे, कुल्ल्याचे व्यायाम, आणि खुर्चीत बसून वजनं. हे सोपं होतं. अवघड निघाला तो स्वयंपाक: उभं राहण्याची वेळ कमी करायला सांगितल्यावर घरातल्या कामांची पुन्हा वाटणी करावी लागली. पोळ्यांना बाई लावल्या, डबे यजमानांकडे गेले. मी ज्याला ‘विश्रांती’ असं एका शब्दात लिहिलं होतं, त्याच्यामागे एवढं घर हलवावं लागतं हे मला तेव्हा कळलं.

बूट निघायला आणि घट बसायला एकच गाठ पडली. नवरात्राचे नऊ दिवस ताई लग्नापासून उपास करत आल्या होत्या. आहारतज्ज्ञ स्पष्ट म्हणाल्या की हाड भरायच्या ऐन काळात नऊ दिवस अर्धपोटी राहणं चालणार नाही. ताईंना ते मोडवेना. ‘मोडा’ म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि तो माझा अधिकारही नव्हता. मार्ग सासूबाईंनी काढला. त्या म्हणाल्या, ‘अगं, देवीला उपाशी लेक कशाला हवी? उठता-बसता कर.’ म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. तेही दोन दिवस राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याचे लाडू, रताळं, दूध असं भरपेट.

गुरुवारचा उपास राहिला, पण त्या दिवशी व्यायाम नाही असं ठरलं. इतर दिवशी घराबाहेर पडण्याआधी एक केळं किंवा तीन खजूर, आणि व्यायामानंतर अर्ध्या तासात दुधातलं नाचणीचं सत्त्व. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ती मुळात आपल्या घरातलीच. जेवणात मोडाची मटकी, पनीर, डाळ वाढली. ड जीवनसत्त्व आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या.

मग पाण्यातलं धावणं. कमरेला तरंगता पट्टा बांधायचा, खोल भागात उभं राहायचं, पाय तळाला न टेकवता धावायची हालचाल करायची. हाडावर भार शून्य, दम मात्र पूर्ण. ताईंना जेमतेम पोहता येत होतं आणि खोल पाण्याची भीती होती. पहिल्या दिवशी त्या कठड्याची सळई सोडेनात. महिलांच्या बॅचला मला आत प्रवेश नव्हता, म्हणून गटातल्याच एक निवृत्त शिक्षिका त्यांच्याबरोबर पाण्यात उतरल्या. चौथ्या दिवशी ताईंनी सळई सोडली. दोन आठवड्यांत त्या तीन मिनिटं जोरात, एक मिनिट हळू, असे सहा फेर करू लागल्या. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाकडे न बघता ‘दोन शब्द बोलता येतील एवढाच दम उरला पाहिजे’ हे माप ठेवलं.

स्ट्राव्हावर, म्हणजे धावण्याची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर, आठवड्यामागून आठवडे शून्य दिसायचं आणि ते ताईंना खुपायचं. म्हणून गटाची मोजदाद किलोमीटरऐवजी मिनिटांत केली, सगळ्यांसाठीच. पाण्यातली ४० मिनिटं आणि रस्त्यावरची ४० मिनिटं एकाच रकान्यात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ताई मिनिटांत गटात दुसऱ्या आल्या. त्या दिवशीचा त्यांचा संदेश: ‘ठ. आणि खूप ठ.’

दिवाळीपर्यंत ४५ मिनिटं चालणं झालं. टाच उचलण्याच्या परीक्षेत उजवा पाय १४ वर अडकला, डावा २७. पोटरीचा स्नायू दर पावलाला नडगीवरचा भार उचलून धरतो. तो थकला की सगळं हाडावर येतं. त्यामुळे इथे घाई केली नाही. जिन्याच्या पायरीवर, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसाआड. नोव्हेंबरच्या मध्याला दोन्ही पाय २५ ला पोचले आणि चौथी पायरी सुरू झाली. पहिल्या दिवशी ताई एकूण सहा मिनिटं पळल्या. इमारतीच्या वॉचमनने विचारलं, ‘मॅडम, आज लवकर परत?’

घसरण

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ताई गटाला भेटायला म्हणून आल्या आणि नऊ किलोमीटर धावल्या. वेळापत्रकात एकूण बारा मिनिटांचं पळणं होतं. सोमवारी सकाळी मला ‘ठ’ आलं. मंगळवारीही. बुधवारी रात्री फोन आला: ‘दादा, दोन दिवस खोटं लिहिलं. दाबल्यावर दुखतंय.’

मी चिडलो नाही, कारण फोन येण्याआधीच माझ्या ध्यानात एक गोष्ट आली होती. शनिवारी मीच गटावर लिहिलं होतं, ‘आपल्या ताई लवकरच पूर्ण ताकदीने परत येत आहेत!’ खाली चाळीस टाळ्या. दुसऱ्या दिवशी त्या गटात उभं राहून ‘मी बारा मिनिटंच पळणार’ म्हणायला किती बळ लागलं असतं?

डॉक्टरांनी तपासलं. नव्याने एमआरआयची गरज वाटली नाही. दहा दिवस पळणं बंद, मग दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात. पाणी आणि सायकल चालू. रविवारी गटाबरोबर यायचं नाही, हे ताईंनी स्वतः सुचवलं. मी एक बदल केला: सकाळचं अक्षर आता मला न जाता फिजिओ मॅडमना जायला लागलं. मला खूश करायची सवय ताईंना लागली होती, आणि तीच त्यांना खोटं लिहायला लावत होती.

निष्पत्ती

डिसेंबरअखेर पाळी आली. ताईंनी ते आधी शिक्षिकाबाईंना सांगितलं आणि त्यांनी मला. शर्यतीच्या कुठल्याही वेळेपेक्षा मोठी बातमी होती ती. जानेवारीत ड जीवनसत्त्व ३४ वर आलं, फेरिटिन २८ वर. वजन साडेतीन किलोंनी वाढलं. सलग ३० मिनिटांची पायरी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पार पडली.

मुंबईला त्या गेल्या. पेडर रोडच्या चढणीवर, परत येणाऱ्या धावपटूंच्या वाटेत, संत्र्याच्या फोडींची परात घेऊन साडेतीन तास उभ्या राहिल्या. मधे दोनदा बसल्या, हेही त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

एप्रिलमध्ये १० किलोमीटर झालं. उताराचा सराव मेमध्ये, तोही आठवड्यातून एकदाच. सप्टेंबरमध्ये पुन्हा सातारा. या वेळी २ तास ३१ मिनिटं, म्हणजे आधीपेक्षा बारा मिनिटं जास्त. घाट उतरताना त्या दर किलोमीटरला मिनिटभर चालल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओ मॅडमना ‘ठ’ गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक ऑगस्टमधली आणि ती माझी. एकाच जागची कळ, वाढलेलं अंतर, उतरलेलं वजन, श्रावणातले उपास हे सगळं समोर असताना मी प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली. तेव्हा थांबलो असतो तर कदाचित चार-पाच आठवड्यांत भागलं असतं. सातारा सोडायला सांगणं अवघड होतं हे खरं, पण ते सांगणं हेच माझं काम होतं.

पाळीचा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. पुरुष प्रशिक्षकाने कसं विचारायचं, या संकोचात साडेतीन वर्षं गेली. आता गटात येणारी प्रत्येक स्त्री एक कागद भरते आणि तो शिक्षिकाबाईंकडे राहतो. त्यात पाळीबद्दल दोन ओळी आहेत, आणि उपासाचे वार लिहायला जागा आहे. वेळापत्रक आखण्याआधी त्या मला फक्त एवढंच सांगतात की अमुक जणीचं अंतर सध्या वाढवू नका. ‘वजन उतरलं’ म्हणून गटावर अभिनंदन करणं आम्ही बंद केलं आहे.

मुंबई त्याच दिवशी रद्द करण्याबद्दल माझ्या मनात अजून दुमत आहे. ताई म्हणतात की ती आशा आणखी महिनाभर राहिली असती तर पाण्यातले दिवस सुसह्य झाले असते. फिजिओ मॅडमचं म्हणणं नेमकं उलट: आशा राहिली असती तर डिसेंबरची घसरण ऑक्टोबरमध्येच झाली असती. नऊ किलोमीटरचा तो रविवार आठवला की मला मॅडमचं पटतं. सळई धरून पाण्यात उभ्या राहिलेल्या ताईंबद्दल शिक्षिकाबाई सांगतात, तेव्हा तितकी खात्री राहत नाही.

या वर्षीची मुंबईची एंट्री उघडली तेव्हा ताईंनी मला विचारलं नाही. आधी आहारतज्ज्ञांना विचारलं, मग सासूबाईंना, आणि फॉर्म भरून झाल्यावर मला कळवलं. फ्रीजवरचं पान अजून तिथेच आहे. त्याच्याखाली त्यांनी सातवी पायरी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे: ‘३२ किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी ठ.’